गाळपेरीतली एकोणीस घरटी

आमचं गाव धरणाच्या फुगवट्याला लागून आहे, नेवासे तालुक्यात. जुनं गाव पाण्याखाली गेलं ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. मी पाहिलं ते वर सरकून वसलेलं गाव. पावसाळा संपतो तेव्हा पाणी आमच्या शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असतं, आणि उन्हाळ्यात ते इतकं मागे जातं की म्हशी पाण्यावर नेऊन आणायच्या म्हणजे अर्धा दिवस मोडतो. मधे जी काळी, ओली, लोण्यासारखी जमीन उघडी पडते तिच्यात लोक पेरतात. तिला आम्ही गाळपेर म्हणतो. आधी हरभरा, मग उन्हाळ्याच्या तोंडाशी टरबूज, काकडी, चाऱ्याची मका.

श्रीरामपूरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं होतं. का घेतलं हे मला नीट सांगता येणार नाही. घरात दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं, म्हणून विचारायलाही कुणी नव्हतं. वर्गात मी तिसऱ्या बाकावर बसायची आणि उत्तर येत असलं तरी वहीतच लिहायची. शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. आमच्या मॅडमनी एक दिवस विचारलं, "फुगवट्याच्या काठचं कुणी आहे का तुमच्यात?" माझा हात कानापर्यंतच गेला. पण त्यांनी तो पाहिला.

मॅडमनी बरीच वर्षं कोकणातल्या खाड्यांमध्ये चिखलातल्या पक्ष्यांवर काम केलं होतं. भरतीचं पाणी गेलं की उघड्या पडणाऱ्या चिखलात कोणते पक्षी येतात, काय खातात, कुठे निजतात, याच्या त्यांच्या वह्या होत्या. मी समुद्र अजून पाहिलेला नाही. त्या सांगायच्या, "खाडीत पाणी दिवसातून दोनदा येतं-जातं. तुमच्याकडे ते वर्षातून एकदाच जातं. पण चिखल तो चिखलच. पाखरांना सारखाच." त्यांच्या मते आमच्या गाळावर नदी सुरय अंडी घालत असणार. काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय, पाण्यावर घिरट्या घालून मासा उचलणारा हा पक्षी मी लहानपणापासून पाहत होते. त्याला नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

काम असं ठरलं: उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी घरी राहायचं, गाळावरची घरटी शोधायची, प्रत्येक घरट्यापासून पाच पावलांवर एक बारीक काडी रोवून तिला नंबर द्यायचा, आणि दर दोन दिवसांनी अंड्यांचं काय झालं ते लिहायचं. शेवटी गावच्या शाळेत मुलांना या पक्ष्यांबद्दल सांगायचं. शाळेचा मुद्दा मी वहीत सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात लिहिला. घरटी शोधणं त्या मानाने सोपं वाटलं.

ते सोपं नव्हतं. सुरय घरटं बांधतच नाही. जमिनीत पोटाने खळगा करतो आणि त्यात दोन-तीन अंडी. मातकट, वर तपकिरी ठिपके. समोर असून दिसत नाहीत. पण पाण्याच्या कडेला गाळाचा एक उंचवटा होता, तिथे मला एकाच सकाळी एकोणीस सापडली. आनंदाने मला काही सुचेना. मॅडमनी दिलेल्या बारीक काड्या मी रोवल्या, तर दुसऱ्या दिवशी त्यातल्या निम्म्या गाळात बसून गेल्या होत्या आणि उरलेल्या झळांमध्ये लांबून दिसत नव्हत्या. मग मी माझं डोकं चालवलं. वडिलांच्या कोयत्याने बाभळीच्या हातभर खुंट्या तोडल्या, टोकं काढली, आईच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या आणि एकोणीस खुंट्या ठोकून आले. वहीत नकाशा काढला. लांबून ती लाल टोकं पाहताना मला वाटलं, हे आपण एकटीने केलं.

आता इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला अजून कानकोंडं होतं.

गाळपेरीला सरकारी कागद असतो, पण गावात रोज चालते ती खुंटी, कागद नव्हे. पाणी खाली जाईल तसं प्रत्येक घर आपल्या पट्ट्याने पाण्यामागे जातं. अवसेला आमच्याकडे औत धरत नाहीत, माणसं मोकळी असतात, म्हणून त्या दिवशी सगळे खाली जातात आणि आपापल्या पट्ट्याची खुंटी नव्याने उघड्या पडलेल्या गाळात पुढे ठोकतात. बाभळीची खुंटी, वर चिंधी. जो अवसेला आला नाही त्याची पुढची जागा मोकळी. ज्याने खुंटी मारली त्याची. आणि सगळ्यांत पक्का नियम हा, की दुसऱ्याची खुंटी कुणी उपटायची नाही. ज्याने ठोकली त्यानेच, चार लोकांसमोर उपटायची. यामुळे आमच्या गावात भांडणं टळलेली आहेत.

हे सगळं मला ठाऊक होतं. लहानपणापासून पाहिलेलं होतं. पण माझ्या हातात वही होती, मी कॉलेजचं काम करत होते, आणि माझ्या खुंट्या वेगळ्या आहेत असं मी काही विचार न करताच धरून चालले. खुंट्या ठोकल्या तो अवसेनंतरचा दिवस होता. तेही माझ्या ध्यानात आलं नाही.

तो उंचवटा ज्यांच्या पट्ट्याच्या पुढे होता त्या मावशी आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहतात. नात्याच्या नाहीत, पण मी त्यांना मावशीच म्हणत आले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. अवसेला खुंटी मारायला जाणारी गावातली एकटी बाई त्याच. त्या अवसेला मात्र त्या गावात नव्हत्या. लेकीचं बाळंतपण होतं, श्रीरामपूरला गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी परत आल्या, खाली गेल्या, आणि त्यांच्या पट्ट्याच्या पुढे लाल चिंध्यांच्या एकोणीस खुंट्या पाहून तशाच वर आल्या. त्या कुणाच्या, हे विचारावं लागलं नाही. मी खुंट्या ठोकत असताना म्हशीवाल्यांनी पाहिलं होतं.

त्या भांडायला आल्या नाहीत. फक्त आमच्या दारावरून जाताना आईला हाक मारायच्या बंद झाल्या. आई म्हणाली, "हिला काय झालं? ताक न्यायला बी येईना." मी म्हटलं, दमल्या असतील प्रवासाने. वडील त्या दिवसांत साखर कारखान्यावर पाळीला होते, गाळपेरीत आमच्या हरभऱ्याची काढणी होऊन गेली होती. त्यांचं खाली जाणंच नव्हतं. असे आठ दिवस गेले. मी रोज खाली जाऊन अंडी मोजत होते आणि मावशींचा पट्टा रिकामा का, असा प्रश्नही मला पडला नाही. गाळाला वरून पापुद्रा धरत होता. गाळपेरीत पेरणीचे दिवस मोजके असतात. एकदा भेगा पडल्या की बी वर येत नाही.

शाळेचा दिवस आला. मी रात्रभर घोकलेलं सगळं पहिल्या पाच मिनिटांत संपलं. मग मी फळ्यावर सुरय काढला. मुलं हसली, कारण तो कोंबडीसारखा झाला होता. त्यामुळे मला जरा बरं वाटलं. मी त्यांना सांगितलं की खाली लाल चिंध्यांच्या खुंट्या आहेत, त्यांच्या जवळ जाऊ नका, तिथे अंडी आहेत. एक मुलगी उभी राहिली. सहावीतली असेल.

"ताई, मंग ती जागा तुमी घेतली न्हाई व्हय?"

"कोणती जागा?"

"आमची आजी म्हनती, ती शिकून आली अन् मावशीच्या म्होरची जागा घेतली. सगळे म्हनत्यात. कागद आनलाय म्हनं तुमी."

गुरुजींनी खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मी "नाही" म्हणाले, पण इतक्या हळू की मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल. फळ्यावरचा पक्षी पुसला आणि घरी आले.

वडील नुकतेच पाळीवरून आले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"खुंट्या मारल्या? कुनाला इचारून?"

"आण्णा, कॉलेजचं काम होतं. मॅडमनी खुणा करायला सांगितल्या होत्या."

"कॉलेजला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "तुला ठाऊक हाय."

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला रडता आलं असतं. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तरीच. त्या दिवशी चहाच्या टपरीवर एकजण म्हनला, काय राव, पोरगी लई मोठी जमीनदार झाली. मला वाटलं कॉलेजवरून चेष्टा करतोय. हसलो मी. हसलो तिथं बसून."

आई आणि मी मावशींकडे गेलो. त्या ओसरीवर टरबुजाचं बी निवडत बसल्या होत्या. बी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून तयार केलेलं होतं. ते आता काळं पडायला लागलं होतं, आणि त्यातलं वाया गेलेलं त्या बाजूला काढत होत्या. मला हे बी आधी दिसलं, मग त्यांचा चेहरा.

मी बोलायला लागले आणि माझं वाक्य पुरं होईना. आईने मधेच सांगितलं, "पाखरांच्या अंड्यासाठी मारल्यात तिनं. जागंसाठी न्हाई. आमाला तर ठाव बी नव्हतं."

"पाखरांच्या?" मावशी म्हणाल्या.

"हो, मावशी. अंडी कुठे आहेत ते कळावं म्हणून. जागा तुमचीच आहे. तुम्ही मला विचारलं का नाही?"

त्यांनी बी खाली ठेवलं. "काय इचारू? मी अवसेला न्हवते. ज्यानं मारली त्याची. आन् तू शिकलेली. मला वाटलं कागद करून आनला आसंल. कागदाम्होरं मी काय बोलू?"

मला बारावीनंतर वसतिगृहात पाठवावं की नाही यावर आमच्या घरी आठवडाभर चर्चा चालली होती, तेव्हा याच मावशी येऊन वडिलांना म्हणाल्या होत्या, शिकू द्या पोरीला, आमच्या पिढीला कुणी कागद वाचून दाखवला न्हाई. त्यांच्या मनात माझ्या शिकण्याचा उपयोग असा झाला होता.

"मी उपटते उद्या," मी म्हणाले. "चार लोकांसमोर."

त्या संध्याकाळी मॅडमना फोन केला. खुंट्या काढल्या तर कोणतं घरटं कोणतं हे सांगता येणार नाही, आणि पट्टा पेरला जाणार म्हणजे अंडी राहतील याची खात्री नाही, हेही सांगितलं. माझा प्रकल्प तिथेच संपेल असं मी धरून चालले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काढ. सगळ्या काढ. खाडीत मी पहिले सहा महिने नुसती कोळणींबरोबर फिरले होते, जाळ्याची कुठली काठी कुणाची ते शिकायला. इथे मी ते केलं नाही. तुला तुझं गाव माहीत आहे म्हणून मी मोकळी झाले." त्यांनी चूक अर्धी वाटून घेतली, पण मला माहीत होतं की ती अर्धी नव्हती.

सकाळी आम्ही खाली गेलो. मी, वडील, मावशी आणि गावातले दोन म्हातारे, ज्यांच्यासमोर असल्या गोष्टी होतात. सुरयांनी आम्हाला पाहताच वर उठून कलकलाट सुरू केला, डोक्यावर झेपा घ्यायला लागले. मी पहिली खुंटी उपटली. मग दुसरी. नियम असा की बोलायचं काही नाही, फक्त उपटायची. तिसऱ्या खुंटीला मावशी म्हणाल्या, "आन् अंडी कुठं हायत?"

मी बोट दाखवलं. त्या वाकल्या, पाहिलं, दिसेना. आणखी वाकल्या.

"आगं बया! ह्याच्यावर पाय पडला आसता की."

मग प्रत्येक खुंटीला थांबून त्यांनी घरटं पाहिलं. एका म्हाताऱ्याने टोपी मागे सरकवली. "मंजी पाखरांनी खुंट्या मारल्या म्हना! आरं, त्यांचा सातबारा कुनाच्या नावावर हाय?" दुसरा म्हणाला, "त्यांनी अवस पाळली. तू न्हाई पाळलीस गेल्या साली." वडीलसुद्धा हसले. मी हसले नाही, माझ्या हातात बाभळीचे काटे रुतत होते आणि मी मोजत होते. एकोणीस झाल्यावर खुंट्यांचा भारा वडिलांनी खांद्यावर घेतला. एवढंच.

अंडी सांभाळा असं मी मावशींना म्हणाले नाही. म्हणायला तोंड नव्हतं. आठ दिवस त्यांचे मी खाल्ले होते, आता आणखी काय मागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा त्या कुदळीने आळी खोदत होत्या. टरबुजाला नांगर लागत नाही. चार-चार पावलांवर खळगा घ्यायचा, ओंजळभर शेणखत, त्यात बी. बाकी जमीन तशीच राहते. गावात सगळ्यांची आळी दोरी लावल्यासारखी सरळ असतात. मावशींची वेडीवाकडी होती. एक ओळ मधेच वळून पुढे गेली होती, एक नुसतीच तुटली होती.

"काय बघतीस? त्या वाकड्या जागंला तुझी पाखरं हायत. ह्या आळ्यापासनं दोन पावलं, त्या आळ्यापासनं तीन. माज्या ध्यानात हाय."

खरोखरच त्यांच्या ध्यानात होतं. मी वही घेऊन बसायची आणि त्या आळ्यांवरून सांगायच्या. माझा जुना नकाशा टाकून मी त्यांच्या आळ्यांचा नकाशा काढला. मी त्यांना सांगितलं की दुपारी उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून सुरय पोट पाण्यात भिजवून येतो आणि अंड्यांवर उभा राहतो. आपण जवळ असलो तर तो येत नाही. त्या म्हणाल्या, "मी तरी दुपारी कुठं मरायला ऱ्हाती हितं?" पण मी पाहिलं, त्या पूर्वी अकरापर्यंत काम करायच्या, आता नऊलाच वर यायला लागल्या.

गाळ कोरडा झाल्यामुळे बी उगवायला पाणी घालावं लागलं. बाकीच्यांच्या पट्ट्यांत वेल पसरायला लागले होते. मावशींच्या आळ्यांना पाण्याच्या कडेवरून घागरी वाहाव्या लागत होत्या, कारण उशीर झाला होता, आणि तो माझ्यामुळे झाला होता. हे त्या एकदाही बोलल्या नाहीत. मी रोजची मोजणी झाली की घागरी वाहायला लागले. पहिल्या दिवशी खांदा सोलून निघाला. मावशी म्हणाल्या, "वहीपेक्षा जड हाय का गं?" मी म्हटलं, वही जड आहे. त्यावर त्या बराच वेळ हसल्या.

सगळी घरटी वाचली नाहीत. चार कावळ्यांनी नेली. त्यांना माझ्या लाल चिंध्यांनी वाट दाखवली असेल का, हे मला आजही ठरवता येत नाही. एक म्हशीच्या खुराखाली गेलं. दोनमधली अंडी उबवूनही तशीच राहिली. पण बारा घरट्यांत पिल्लं निघाली. वाळूच्या रंगाची, मूठभरसुद्धा नाहीत अशी. दोन-तीन दिवसांतच ती खळग्यातून निघून सावली शोधायला लागली, आणि आसपास सावली होती ती फक्त मावशींच्या आळ्यांची. तिसऱ्या ओळीच्या खोल आळ्यांत, कोवळ्या वेलांच्या पानांखाली ती दबून बसायची. घागरीने पाणी ओतलं असतं तर त्यातच बुडाली असती.

त्या आठवड्यात मला परीक्षेच्या फॉर्मसाठी चार दिवस श्रीरामपूरला जावं लागलं. परत आले तेव्हा तिसरी ओळ वाळली होती. पहिली, दुसरी, चौथी हिरवी, आणि मधे ही एक ओळ पाचोळ्यासारखी. पिल्लं मात्र चालती झाली होती, पाण्याच्या कडेला आईबापांच्या मागे पळत होती.

"मावशी, ह्या ओळीला पाणी घातलं नाही?"

"कंबर धरली हुती माजी."

"बाकीच्या ओळींना घातलं की."

"तिसरीला आली तवाच धरली. तुज्या पाखरांसाठी कशाला मी माजे वेल वाळवीन? जा, घागर घे."

मी घागर घेतली.

अहवाल लिहिताना मॅडमनी एक रकाना ठेवायला सांगितला होता: पिल्लं जगण्याची कारणं. मी लिहिलं, तिसऱ्या ओळीला चार दिवस पाणी दिलं गेलं नाही. मॅडमनी पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढून विचारलं, "का दिलं नाही? शेतकऱ्याने पक्ष्यांसाठी निर्णय घेतला, असं लिहूया? हे फार महत्त्वाचं आहे."

मी पहिल्यांदाच त्यांना नाही म्हणाले. म्हटलं, "नको मॅडम. त्यांची कंबर दुखत होती."

त्यांनी खोडरबर घेऊन आपली रेघ पुसली. मग म्हणाल्या, "बरं. तसंच लिही."